आडातले आणि पोहऱ्यातले

सीमाभागातील माणसाला वर्तमानपत्र एका डोळ्याने वाचून भागत नाही, असे माझे फार दिवसांचे मत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत ज्याला मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या सरावाच्या आहेत, त्याच्यापुढे एकाच घटनेची दोन वृत्ते रोज येतात. माझी सुमारे ३५ वर्षे राज्य सरकारच्या सेवेत गेली. कचेरीची भाषा कन्नड आणि घरची मराठी. निवृत्तीनंतर कंग्राळीत कायमचा मुक्काम केला तरी दोन्ही भाषांतील पत्रे शेजारी शेजारी उघडून वाचण्याची सवय सुटलेली नाही.

या सवयीने माणूस शब्दांच्या बाबतीत सावध होतो. १ नोव्हेंबर हा दिवस एका पत्रात राज्योत्सव असतो, तर दुसऱ्यात काळा दिन. १९५६ पासून जो प्रश्न चिघळत आला आहे, त्याला मराठी पत्र ‘सीमालढा’ म्हणते आणि कन्नड पत्र ‘गडि विवाद’ म्हणते. पहिल्या शब्दात लढणारी माणसे आहेत, दुसऱ्यात केवळ एक तंटा आहे. दोन्ही वार्ताहर त्याच चौकात उभे असतात, दोघांनाही तोच मोर्चा दिसतो. परंतु एकाच्या मथळ्यात तो पहिल्या पानावर येतो, दुसऱ्याच्या आतल्या पानावर वाहतुकीच्या खोळंब्यात जमा होतो. येथे मला कोणा एका पत्राला दोष द्यावयाचा नाही. सांगावयाचे ते एवढेच, की घरच्या प्रश्नावर पत्रांचे मतभेद उघड असतात आणि त्यामुळे वाचक आपोआप जागा राहतो. दोघांचे ऐकून, मधले अंतर मोजून, तो आपले मत बनवितो. गरज पडली तर चार पावले चालत जाऊन स्वतः पाहूनही येतो.

परदेशातील युद्धाची बातमी आली की ही सोय नाहीशी होते. गेल्या काही वर्षांतील युद्धांच्या बातम्या मी याच पद्धतीने समोरासमोर ठेवून वाचल्या, आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट ठळकपणे जाणवली. एरवी एकमेकांशी कधीच न पटणारी पत्रे दूरच्या युद्धाविषयी मात्र जवळजवळ एका सुरात बोलतात. आकडे तेच, छायाचित्र तेच, विशेषणेही पुष्कळदा तीच. सामान्य वाचकाला वाटते, ज्या अर्थी दोन्हीकडे असेच आले आहे त्या अर्थी ते खरे असले पाहिजे. मला नेमकी उलटी शंका येते, आणि तिचे मूळ माझ्या नोकरीत आहे.

महसूल खात्यात असताना अतिवृष्टीने झालेल्या पीकहानीचे अहवाल माझ्या टेबलावर येत. तलाठी, सर्कल आणि कृषी खात्याचा माणूस अशा तिघांचे तीन कागद. तिघांच्या आकड्यांत थोडेफार अंतर असले म्हणजे मला बरे वाटे. तिघेही बांधावर जाऊन आले याची ती खूण असे. तिन्ही कागदांवर अगदी गुंठ्यांपर्यंत एकच आकडा उतरला की मात्र मी जीप मागवून स्वतः निघत असे. बहुधा एकजणच शेतात गेलेला असे आणि उरलेल्या दोघांनी त्याचा कागद समोर ठेवून आपला लिहिलेला असे. त्यांच्या मनात खोटे करण्याचा हेतू असेच असे नाही. पण तीन साक्षी म्हणून माझ्यापुढे जे येई, ती वास्तविक एकच साक्ष असे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. तसेच, दोन पोहऱ्यांच्या पाण्याला एकच चव लागली म्हणून पाणी निर्मळ ठरत नाही. दोन्ही पोहरे एकाच आडात सोडले होते, एवढेच ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या बेळगावच्याच इतिहासाला लागून आहे. २८ एप्रिल १९१६ या दिवशी लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावात झाली. जोसेफ बाप्टिस्टा अध्यक्ष झाले, न. चिं. केळकर चिटणीस झाले. १ मे रोजी लोकमान्यांचे येथे स्वराज्यावर व्याख्यान झाले आणि त्या व याच सुमाराच्या नगरच्या व्याख्यानांवरून सरकारने त्यांच्याकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागितला. हा इतिहास येथील सुशिक्षितांना पाठ आहे. परंतु लीग स्थापन झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, अरबी समुद्रापलीकडे तैग्रिस नदीच्या काठी कूत-अल-अमारा या गावी जनरल टाउनशेंड याने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली, ही गोष्ट कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. त्याच्या हाताखाली सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांचा वेढा, उपासमार, आणि शेवटी सुमारे १३,००० माणसे कैद. त्यांत मोठा भरणा हिंदी शिपायांचा आणि नोकरवर्गाचा होता. टाउनशेंडला पुढे इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलीत नेले, आणि त्यांतील हजारो परत आले नाहीत.

या साऱ्याची बातमी इकडे कशी येत होती? १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट डोक्यावर होता, १९१५ चा डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट नव्याने आला होता. रणभूमीवर मराठी पत्राचा वार्ताहर असण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारी पत्रक आणि रॉयटरची तार हेच दोन झरे, आणि दोहोंवर सेन्सॉरची झाकणी. सरकारची तळी उचलणारे मुंबईचे इंग्रजी पत्र आणि पुण्याचे राष्ट्रीय मराठी पत्र यांचे घरच्या प्रश्नांवर हाडवैर. पण मेसोपोटेमियात काय चालले आहे हे दोघांनाही त्याच तारेने कळे. आपल्या पत्रकारांजवळ बुद्धीची वाण नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘चित्रमय जगत’मधून त्या महायुद्धाची जी समालोचने लिहिली, ती लोक आवडीने वाचीत. परंतु कितीही कुशाग्र समालोचक झाला तरी तारेत जे नाही ते त्याच्या लेखात कुठून यावे?

तारेत काय नव्हते, हे पुढे उघड झाले. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफोनच्या लढाईतील जखमींना नदीतून बोटींवर लादून बसऱ्याकडे पाठविले. त्यांची व्यवस्था समाधानकारक झाली, असा मजकूर सरकारी तारेत गेला. प्रत्यक्षात माणसे उघड्या डेकवर, जखमांना पट्ट्या न बदललेल्या अवस्थेत, स्वतःच्याच मळमूत्रात दिवसेंदिवस पडून होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर कार्टर याने ती बोट बसऱ्यास लागताना पाहिली आणि जे पाहिले ते लेखी कळविले, तेव्हा वरिष्ठ त्याच्यावरच उलटले. लोकांपुढे हे सत्य आले ते जून १९१७ मध्ये, मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर. म्हणजे दीड वर्षाने. त्या अहवालाने भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. बेळगावात ज्या मागणीसाठी लीग स्थापन झाली होती, तिला सरकारकडून मिळालेले हे पहिले ठळक उत्तर. ते येण्यामागे कारणे अनेक होती. परंतु मंत्री बदलला तो दडवलेली बातमी बाहेर आल्यामुळे, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या बाजूचे वृत्तही तेवढेच सोयीचे होते. वेढा उठवावा म्हणून इंग्रजांनी तुर्की सेनापतीपुढे वीस लाख पौंडांपर्यंतची रक्कम ठेवली. ती नाकारून एन्व्हर पाशाने त्या गोष्टीचा जगभर डांगोरा पिटला. कैद्यांच्या वाळवंटातील हालांचा मात्र त्या डांगोऱ्यात उल्लेख नव्हता. इंग्रजांकडून कूत पडण्याची जी कारणे पुढे केली गेली, त्यांत हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास आधी दिलेला नकार मोठ्या अक्षरांत आला. पुरेशा बोटी आणि पुरेसे धान्य न पुरविताच बगदादकडे दौडण्याचा हुकूम देणाऱ्यांची चूक लहान अक्षरांत गेली. पराभवाच्या बातमीत दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, हे ज्याच्या हाती तार असते तोच ठरवितो.

मराठा पलटणींचे केंद्र बेळगावात आले ते त्यानंतर, १९२२ च्या फेररचनेत. म्हणजे कूतची घटना घडली तेव्हा बेळगाव हे मराठा रेजिमेंटचे गाव नव्हते. पण आज ते आहे, आणि शंभर वर्षे झाली तरी आपण त्या युद्धाविषयी बोलताना कोणाचे शब्द वापरतो पाहा. शालेय पुस्तकांत आपण इंग्लंड, फ्रान्स इत्यादींना ‘दोस्त राष्ट्रे’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘मित्रराष्ट्र’ म्हणतात. कोणाचे दोस्त? होमरूल मागणाऱ्यांकडून मुचलका मागणारे सरकार आपले दोस्त होते काय? शब्द तारेबरोबर आला आणि भाषेत राहून गेला. सीमाप्रश्नाच्या एकेका शब्दावर हमरीतुमरीवर येणारे आपण, या शब्दापाशी मात्र कधी अडखळलो नाही. कारण येथे मराठी आणि कन्नड दोहोंचे एकमत होते.

बातमीतील उणीव दगडातही उतरते. बसऱ्याला १९२९ मध्ये युद्धस्मारक उभे राहिले. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदी पलटणींच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांचा केवळ आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मधील आपल्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. ज्यांचे हाल तारेत आले नाहीत, त्यांची नावे भिंतीवरही आली नाहीत.

स्वतंत्र भारताच्या सैन्याचेही एक परदेशी युद्ध आपल्या गल्ल्यांपर्यंत आलेले आहे. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. त्या फौजेचे नाव ‘शांतिसेना’. आमच्या शेजारी राहणारे निवृत्त सुभेदार त्या दिवसांविषयी क्वचितच बोलतात. एकदा म्हणाले, “काय सांगू साहेब, घरात पेपर येत होता. त्यात शांतिसेना, शांतिसेना असंच छापून येत होतं बघा. आई सगळ्यांना सांगायची, पोरगा शांती करायला गेलाय म्हणून. हिकडं आमच्या कंपनीतली माणसं रोज कमी होत होती की.” त्या मोहिमेत ११०० हून अधिक भारतीय जवान कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरावर उतरली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळ जनतेच्या दृष्टीने तीच फौज निराळी होती. बेळगावच्या वाचकाला हे निराळेपण कोणत्याही पत्रातून पुरते कळले नव्हते, कारण जाफन्यातील माणसाची भाषा न मराठी पत्राला येत होती न कन्नड पत्राला. नावातच शांती असल्यावर युद्ध चालू आहे काय, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. त्या माउलीला तर नाहीच नाही.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा कूतचे नाव पुन्हा बातम्यांत आले. या वेळी तारेची जागा दूरचित्रवाणीने घेतली होती, आणि पलटणींबरोबर रणगाड्यांत बसून जाणारे शेकडो वार्ताहर होते. ते जे दाखवीत होते ते खोटे नव्हते. परंतु रणगाड्यात बसलेल्याला तोफेचे तोंड दिसत नाही, तोफ ज्या दिशेला रोखली आहे ती दिशा दिसते. बगदादमधील घरांतून काय दिसते हे दाखविणाऱ्या अल जझीराच्या कचेरीवर ८ एप्रिलला हल्ला होऊन तिचा एक वार्ताहर मारला गेला. त्याच दिवशी पत्रकार उतरलेल्या पॅलेस्टाइन हॉटेलवर अमेरिकी रणगाड्याचा गोळा पडला आणि दोन कॅमेरामन गेले. दुसऱ्या दिवशी सद्दामचा पुतळा पाडल्याचे चित्र आमच्याकडच्या मराठी, कन्नड, इंग्रजी सर्व पत्रांत झळकले. कॅमेरा जवळ धरला तर चौक जनसागराने भरलेला दिसे, लांबून पाहिले तर बराचसा मोकळा. जवळचे चित्र सर्वत्र पोहोचले.

योगायोग असा, की त्याच ८ एप्रिलला आपल्या लोकसभेने या युद्धावर एकमताने ठराव केला. हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता. इंग्रजीत त्यासाठी जो शब्द निवडला, तो ‘कंडेम’ नव्हे, त्याहून मवाळ ‘डिप्लोअर’. दोन भाषांत कारभार केलेल्या माझ्यासारख्या माणसाला यातील खुबी लगेच कळली. देशातल्या श्रोत्यांना कठोर शब्द, परदेशी वकिलातींना सौम्य शब्द, आणि ठराव एकच. मराठीत त्याचा ‘निषेध’ करावा की ‘खेद’, कन्नडमध्ये ‘खंडने’ म्हणावे की आणखी काही, हे उपसंपादकाच्या मर्जीवर सोडलेले. येथे पक्षपात वृत्तपत्राने करण्याचीही गरज उरली नव्हती. तो मूळ कागदातच सोय म्हणून ठेवलेला होता.

त्या वर्षी प्रश्न नुसत्या शब्दांचा राहिला नव्हता. अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितले होते, आणि उन्हाळाभर त्यावर खल चालला होता. आमच्या भागात गावोगावी फौजेत माणूस असलेली घरे आहेत. जाणाऱ्यांत मराठा पलटण असतीच असे कोणी सांगितले नव्हते, पण नसेल असेही कोणी सांगितले नव्हते. १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने सैन्य न पाठविण्याचा निर्णय घेतला. ज्या संहारक अस्त्रांच्या बातम्यांवर हे सारे उभे होते, ती अस्त्रे सापडली नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकांनी २६ मे २००४ रोजी आपल्या त्या काळातील वृत्तांकनातील त्रुटी मान्य केल्या. त्या बातम्या जगभर उद्धृत होऊन शेवटी आपल्या प्रादेशिक पत्रांच्या पानांपर्यंत आल्या होत्या. विचार करा, जुलैत निर्णय उलटा झाला असता, तर येथील काही घरांनी त्या बातम्यांची किंमत मोजली असती. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी मोजली होती तशीच, आणि त्याच नदीच्या काठी.

युक्रेनच्या युद्धाने एक निराळा अनुभव दिला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला, आणि १ मार्चला खार्किव्हमध्ये धारवाडपलीकडच्या हावेरी जिल्ह्यातील एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. तो खाण्याच्या वस्तू आणण्यासाठी रांगेत उभा होता. कन्नड पत्रे त्या घराच्या दुःखाने भरून गेली. मराठी पत्रांत महाराष्ट्रातील मुले कोठे अडकली याच्या याद्या होत्या. ज्याने त्याने आपले माणूस शोधले, हे स्वाभाविक होते. या दोन्ही वृत्तांत युक्रेनचा माणूस जवळजवळ नव्हता, हेही खरे. तरीही ते वाचताना मला एक समाधान वाटले. स्थानिक वार्ताहर आई-बापांच्या शेजारी बसून, तळघरातून मुलांचे येणारे फोन ऐकून लिहीत होते. बातमीचा घेर लहान होता, पण आड स्वतःचा होता. इतक्या वर्षांत प्रथमच आमच्या पत्रांना परदेशी युद्धाची स्वतःची साक्ष मिळाली होती. तिकडे मॉस्कोत ४ मार्चच्या कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी’ ठरविलेली बातमी देणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंतची कैद ठेवली, आणि वृत्तपत्रांना त्या युद्धाला ‘युद्ध’ म्हणण्याची चोरी झाली. इकडे दिल्लीच्या वाहिन्यांनी एवढा आरडाओरडा केला, की २३ एप्रिलला माहिती व प्रसारण मंत्रालयाला त्यांना समज द्यावी लागली. हावेरीच्या वार्ताहराची साधी चार कलमे मला त्या आरडाओरड्यापेक्षा अधिक मोलाची वाटली.

निःपक्षपाती वृत्तपत्र असे काही असते, यावर माझा फारसा विश्वास नाही. प्रत्येक जण कोठेतरी उभा राहूनच पाहतो. कचेरीत फाइल समोर आली की मी तीन गोष्टी पाहत असे. युद्धाची बातमी वाचतानाही त्याच पाहतो. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? त्याला तेथे कोणी नेले? आणि कोठे जाऊ दिले नाही? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध पेटल्यावर परदेशी वार्ताहरांना तेथे स्वतंत्रपणे जाऊ दिले गेले नाही. इस्रायली सैन्याच्या सोबतीने, नेले तेवढे पाहून परतावे लागले. आतून जे कळले ते मुख्यतः तेथील स्थानिक पत्रकारांकडून, आणि त्यांच्यातील कितीतरी जण मारले गेले. हे एकदा ध्यानात ठेवले, म्हणजे कोणतीही बाजू न घेतासुद्धा बातमीचे वजन किती धरावे याचा अंदाज येतो.

मला खरी काळजी वाटते ती पुढची. आमच्या घरातील नातवंडांना इंग्रजी येते. मराठी ती अडखळत वाचतात आणि कन्नड परीक्षेपुरते. दोन पत्रे समोरासमोर ठेवण्याची सीमाभागातील ही जुनी रीत आमच्या पिढीबरोबर संपण्याची चिन्हे आहेत. हातातील फोन त्यांना शंभर ठिकाणच्या बातम्या दाखवितो, पण त्या शंभर पोहऱ्यांमागे आड किती, हे तो सांगत नाही. भाषेच्या भांडणात आपण पुष्कळ गमावले. त्या भांडणाने नकळत दिलेली ही एक शहाणीव तरी जपावी असे वाटते. आपल्या मंडळाच्या वाचनकक्षात मराठी पत्राशेजारी एक कन्नड आणि एक इंग्रजी पत्र ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा मुलांना बसवून एकच बातमी तिन्हींतून वाचून घ्यावी. मथळ्यानंतर लगेच, बातमीच्या आरंभी लहान अक्षरांत वृत्तसंस्थेचे नाव छापलेले असते. ते आधी शोधायला शिकवावे. खर्च फार नाही, आणि शिकविणारे आपल्यात अजून आहेत.